कावळा कोणाच्या शब्दावर शिवला

आमच्या घराण्यात बोलणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती ऐकून घेणाऱ्यांची. माझ्या मधल्या बहिणीने त्यावर उपाय म्हणून एक माइक विकत घेतला. पदराला चिमट्याने लावायचा, बोटाएवढा, वर काळी लव असलेला. आत्याच्या पदराला तो लावला तेव्हा तिने सुरवंट समजून झटकून टाकला आणि मारायला चप्पल शोधायला लागली. हा सगळा प्रसंग रेकॉर्ड झालेला आहे, आणि माझ्या मते आमच्या संग्रहातला तेवढाच भाग पूर्णपणे खरा आहे.

मधली ठाण्याला असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिला गावाची फार ओढ लागली आहे. नोकरीत होती तेव्हा गावाहून फोन आला की ती नेमकी मीटिंगमध्ये असायची. आता रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना फुलांच्या चित्रासकट सुप्रभात पाठवते. तिच्या ओळखीतल्या कुणीतरी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांच्या आठवणी मोबाईलवर साठवून ठेवल्या होत्या. ते ऐकलं आणि हिच्या अंगात आलं.

"आपण आईच्या आठवणी गोळा करायच्या," ती म्हणाली. "सगळ्यांच्या तोंडून. आणि तिच्या तिथीला ताईकडे बसून एकत्र ऐकायच्या."

आपण म्हणजे मी. महाडात माझं आणि नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे, आणि सगळे म्हातारे नातेवाईक महाड ते पोलादपूर या पट्ट्यात विखुरलेले आहेत. मधलीने माइक कुरियरने पाठवला, वर प्रश्न कसे विचारायचे याच्या सूचना पाठवल्या, आणि आता आपलं काम संपलं असं समजून ती कौतुक करायला मोकळी झाली.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला ती आठवत नाही. मधली शाळेत होती, तिला थोडीफार आठवते. ताई, म्हणजे थोरली, तेव्हा लग्नाला आलेली होती. आईचा एकही फोटो नाही. त्यामुळे या रेकॉर्डिंगची मी वरवर कितीही टर उडवली तरी मला आतून हाव सुटली होती, हे सांगून टाकते. आई कशी चालायची, कशी रागवायची, हे कुणीतरी सांगेल असं वाटत होतं. पण आमची माणसं आईवर सुरुवात करायची आणि भाकरी भाजून व्हायच्या आत दहाव्यावर यायची. आई कशी जगली यापेक्षा तिच्या पिंडाला कावळा कसा शिवला, यातच सगळ्यांना रस. त्याचं कारण असं, की प्रत्येकाच्या मते तो त्याच्या शब्दावर शिवला होता.

पहिले काका. नुसता आवाज रेकॉर्ड होणार असं दोनदा सांगूनही ते इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून बसले. एरवी काका गावच्या भाषेत बोलतात आणि चांगलं बोलतात. माइक दिसताच त्यांच्या अंगात सत्काराचा पाहुणा शिरला. "आमच्या वहिनी म्हणजे मायेचा सागर होत्या," असं म्हणून ते खोकले आणि मग बराच वेळ स्वतःच्या बालपणाबद्दल बोलले. मी आईकडे वळवलं की ते पुन्हा स्वतःकडे यायचे. शेवटी एकदाचे नदीवर पोचले. भातकापणीचे दिवस. नदीच्या काठावर पिंड मांडलेला, कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईल तर शपथ. बाबा पिंडासमोर मान खाली घालून बसलेले. तेव्हा काका पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, वहिनी, मी जिवंत असेपर्यंत या घरात वाटण्या होणार नाहीत.

"आणि काय सांगू तुला," काका म्हणाले, "शब्द तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, कावळा झेपावला."

वाटण्या पुढच्याच उन्हाळ्यात झाल्या. काका सुदैवाने अजून जिवंत आहेत. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण सूचनांमध्ये लिहिलं होतं की बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये.

आत्या फोनवर बोलल्यासारखी ओरडून बोलली, कारण रेकॉर्डिंग ठाण्याला जाणार हे तिने ऐकलं होतं. आमच्याकडे दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत, त्या घरीच थांबतात. पण आत्याला त्याची अडचण वाटली नाही. तिने घरात बसून आईला शब्द दिला होता म्हणे, की तुझ्या पोरींचं माहेर मी तुटू देणार नाय. "हिकडं मी बोलले नि तिकडं शिवला," आत्याने ठाण्याला ओरडून सांगितलं. आत्या माहेरपणाला बोलवायची हे खरं आहे. पापड लाटायचे असले की हमखास बोलवायची.

मधलीने स्वतःचं रेकॉर्डिंग स्वतःच केलं. स्वतःला प्रश्न विचारले, आधी थोडं थांबून मग उत्तरं दिली. तिने त्या दिवशी मनातल्या मनात आईला वचन दिलं होतं, की मी खूप शिकेन. मनातल्या मनात दिलेलं वचन नदीवरच्या कावळ्यापर्यंत कसं पोचलं, हे तिने सांगितलं नाही. आवाज मात्र भरून आला होता. पार्श्वसंगीतही घातलं होतं, बासरीचं.

पण हे सगळे हौशी दावेदार. घराण्यात अधिकृत मानला गेलेला शब्द वेगळाच होता, आणि तो ताईचा.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आई गेली त्याच्या थोडं आधी ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा महाडचा, मुंबईला नोकरीला, घरचं बरं. सोन्यासारखं स्थळ असा शब्द तेव्हापासून आजपर्यंत वापरला जातो. आई गेल्यावर सगळ्यांनी ठरवलं की लग्न वर्षाच्या आत उरकून टाकायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबावं लागेल. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा नदीवरून आमच्या एका चुलतभावाला घरी पिटाळलं, बायकांना विचार म्हणून, की हिचा जीव कशात अडकलाय. ताई दारात आली आणि म्हणाली, "आयेला सांग, धाकटी मोठी होईस्तोवर मी बोहल्यावर चढणार नाय." चुलतभाऊ नदीवर धावत गेला, त्याने शब्द सांगितला, आणि कावळा शिवला.

मग काय बोलायचं कुणी? गेलेल्या माणसाची इच्छा मोडली तर घराला सुख लागत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. बाबांनी स्थळाला नकार कळवला. काका धुमसले, पण गप्प बसले. ताईने मला वाढवलं, शाळेत घातलं, पुढे शिकवलं. मी औषधांचा कोर्स करून पायावर उभी राहिले तेव्हा कुठे तिने लग्न केलं. तोवर वय झालेलं, त्यामुळे पोलादपूरजवळच्या कापडे गावचा एक बिजवर शेतकरी मिळाला. "त्यागच गो तो," असं बायका म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्याकडे बघायच्या.

तो त्याग म्हणजे मी. हे ओझं काय असतं ते धाकट्यांना विचारा. गणितात नापास झाले, तर ताईने तुझ्यासाठी काय केलं माहीत आहे ना. केस कापले, तर ताईने याचसाठी केलं का. माझ्या लग्नात मी जेवताना हसले तर एक मावशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, हिला हसताना बघायला एकीने जन्म घालवला. मी घास परत पानात ठेवला. ताई स्वतः यातलं अक्षर कधी बोलली नाही, आणि त्याने तर आणखीनच जड व्हायचं. मला त्या कावळ्याचा मनापासून राग होता. ताईवर रागावता येत नव्हतं, आईवर तर नाहीच, मग उरला कोण? आमच्या दुकानाच्या पत्र्यावर कावळा बसला की मी अजूनही काठी आपटते. नवरा म्हणतो, तुझं पित्त वाढलंय.

तो चुलतभाऊ, ज्याला घरात लहानथोर सगळेच दादा म्हणतात, आता साठीला आलेला आहे. पोलादपूरला स्टँडजवळ त्याचं चहा-वड्याचं हॉटेल आहे. हायवे मोठा झाल्यापासून गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे त्याला बोलायला वेळच वेळ. तो माझ्या यादीत शेवटी होता, कारण तो नुसता निरोप्या. त्याच्याकडून नवीन काय मिळणार? मी त्याच्या बनियनला माइक अडकवला आणि सरावाने विचारलं, आईबद्दल काय आठवतं?

"काकी माझ्या डोक्याला तेल लावायची," तो म्हणाला. "जोरात चोळायची. मुंडी हलायची नुसती. तेल संपलं तरी चोळत राहायची, बोलत बोलत."

आजवर गोळा केलेल्या तासनतास बडबडीत मला मिळालेली ही पहिली आई. मी इतकी खूश झाले की दहाव्याचं विचारणारच नव्हते. पण तो आपणहून आला तिथवर. सगळेच येतात.

"आणि मग दहाव्याला ती कावळ्याची गंमत," तो म्हणाला.

"गंमत कसली? ताईच्या शब्दावर शिवला ना?"

तो माइककडे बघून हसला. "कसला शिवतोय. भातं पिकलेली, कावळं शेतात पोटभर खाऊन झाडावर बसलेलं. पिंडाकडं बघतो कोण? काका वाटण्यांचं बोलला. काय नाय. आणखी एक दोघं काय काय बोललं. काय नाय. भटजीला दुसरीकडं जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघी. मग मला बोलले, घराकडं पळ नि विचार. मी पळालो. ताईनं सांगितलं ते घेऊन परत निघालो, तर अर्ध्या वाटेत सगळी मंडळी वर येताना दिसली."

"म्हणजे तू पोचायच्या आधीच शिवला?"

"शिवला नायच गो. भटजीनं दर्भाचा कावळा केला नि टेकवला पिंडाला. काका मला बोलला, घरी सांगायचं नाय, बायका रडतात."

कावळा येईनासा झाला की दर्भाची काडी वळून कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. शास्त्रात सोय आहे. चालतं. पण ते सांगायला कुणाला आवडत नाही, कारण त्याचा अर्थ गेलेलं माणूस समाधानाने गेलं नाही असा घेतात.

"मग तू ताईला काय सांगितलंस?"

"मी मंडळींच्या पुढं पळत घरी आलो, तर ती दारातच उभी. तिथनं हाललीच नव्हती. मला विचारलं, शिवला? मी बोललो, शिवला. कोणाच्या शब्दावर? मी बोललो, तुझ्या." त्याने गिऱ्हाइकाला हाताने थांब म्हणून खूण केली. "तिचं तोंड बघितलं असतंस ना, तर तू पण तेच बोलली असतीस."

"आणि काका? बाकीचे? ते काही बोलले नाहीत?"

"बोलणार काय? ते वर आले तवा घरात हेच चाललेलं, ताईच्या शब्दावर शिवला म्हणून. मला खोटा पाडायचा तर दर्भाचं सांगायला लागणार. बसले गप. नंतर नंतर मग ज्याला त्याला वाटायला लागलं, आपल्याच शब्दावर शिवला." आणि मग माइक काढून माझ्या हातात देत म्हणाला, "चा घेणार?"

मी चहा घेतला. खरं सांगते, मला दुःख झालं नाही. मला हसू फुटत होतं. स्टँडवर उभी राहून मी हसले. म्हणजे आईने काही मागितलं नव्हतं. कावळ्याने काही ठरवलं नव्हतं. ज्या वचनाचं ओझं मी परीक्षेत, लग्नात, बाळंतपणात वाहिलं, ते वचन नदीपर्यंत पोचलंच नव्हतं. महाडला परतताना मी बसच्या खिडकीत बसून गाणं गुणगुणले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

हसू घरी पोचेपर्यंत टिकलं. कुलूप उघडताना मात्र ताई डोळ्यापुढे आली. माझं ओझं उतरलं, ठीक. पण तिचं काय? तिने सोन्यासारखं स्थळ सोडलं, वय घालवलं, आणि हे सगळं एका दर्भाच्या काडीवर. तिथीला सगळं एकत्र ऐकायचं ठरलं होतं, आणि ताईने आपणहून विचारलं होतं, पोलादपूरच्या दादाचं झालं का गो?

मधलीला फोन लावला. तिने पहिल्यांदाच मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डिलीट कर."

"आठवणी जपायच्या होत्या ना?"

"असल्या नाही. तिच्याकडे दुसरं आहे काय? आख्खा जन्म तिने त्याच्यावर काढलाय. तू तिला सांगणार, की बाई, तो कावळाच नव्हता?"

"आणि आपण तिला फसवायचं? काकांसारखं?"

"फसवायचं नाही. वगळायचं," मधली म्हणाली. बँकेत असा शब्द असावा.

आम्ही भांडलो. ती म्हणाली, तुला सांगायचंय ते ताईसाठी नाही, तुझी सुटका झाली म्हणून नाचायचंय तुला. हे इतकं बरोबर होतं की मी फोन ठेवून दिला. पण ठेवल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. या घरात आजवर सगळ्यांनी ताईपासून सगळं तिच्या भल्यासाठीच लपवलं होतं, आणि आता तो मान आम्हा दोघींना मिळणार होता. मला ते जमलं नसतं. तिथीच्या आधीच मी दुकान नवऱ्यावर सोपवून कापड्याला गेले.

ताईने अंगणात भात वाळत घातलं होतं आणि कोंबड्या हाकायला वेताची काठी घेऊन पायरीवर बसली होती. तिचा नवरा जाऊन काही वर्षं झाली. शेत ती अजून स्वतः बघते, मजूर तिला घाबरतात. मला बघून म्हणाली, "आज दुकान बंद? कोण मेला?"

"कुणी नाही. दादाचं रेकॉर्डिंग आणलंय. सगळ्यांच्या आधी तू ऐक."

तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी खाली ठेवली. मी फोन दोघींच्या मध्ये पायरीवर ठेवला. तेल चोळण्याचा भाग आला तसा तिने नकळत मान हलवली. मग नदी आली, भटजी आला, दर्भ आला. माझी नजर भातावर. एक कोंबडी येऊन खुशाल टिपत होती आणि ताई तिला हाकत नव्हती, त्यावरून काय ते मला कळलं.

"परत लाव," ती म्हणाली. "माझं तोंड बघितलं असतंस, त्याच्या आधीपासून."

परत लावलं. मग फोन बंद करून मी वाट बघत बसले. मला वाटलं, आता रडेल. मी पाण्याचा तांब्याही बघून ठेवला होता.

"म्हणजे आयेला कळलंच नाय," ती म्हणाली.

"नाही कळलं, ताई."

"म्हणजे तिनं हो म्हटलंच नव्हतं."

"तुझा शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे तुझ्यावर कसलं बंधनच नव्हतं. तू लग्न केलं असतंस तरी..."

"गप गो जरा," ताई म्हणाली. आणि मग अंगणाकडे बघत, जसं काही भाताचा भाव सांगावा तसं सांगायला लागली. "तो मुलगा मला बघायला आला तवा आयेनं नाचणीची भाकर वाढली. त्यानं ती दोन बोटांनी बाजूला सारली. आयेकडं बघितलं पण नाय. मला तेवढ्यातच तो नको झाला. मी आयेला सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू करता करता ती आजारी पडली. मग गेलीच. नि इकडं सगळे मागं लागले, वर्षाच्या आत उरका. बाबांना सांगायची माझी छाती नव्हती. काकाला तर नायच."

फोन बंद आहे ना, ते मी पुन्हा एकदा बघितलं.

"तो दादा धावत आला नि विचारायला लागला, काकीचा जीव कशात अडकलाय. माझ्या डोक्यात आलं, बोलायचं तर आत्ताच. मला तो नको असं बोलले असते तर थोबाड फोडलं असतं. तू तिथं नाक गाळत बसलेलीस. मी बोलले, धाकटी मोठी होईस्तोवर नाय."

"ताई!"

"मग वाटलं, आये मेलेली असली तरी तिला कळणार, ही पोर खोटं बोलतेय. कावळा नाय शिवायचा. तो शिवला बोलला, तवा मला वाटलं, आयेनं ओळखलं नि हो म्हटलं. तिनं पण ती भाकर बघितली होती ना." तिने पायरीवरचे चार दाणे अंगणात झटकले. "कितीदा तरी लोकांनी नाय नाय ते ऐकवलं. सोन्यासारखं स्थळ घालवलं, बिजवराला गेली. माझा हा माणूस कसा होता ते त्यांना काय म्हायत. मी मनात म्हणायची, बोला, माझ्या आयेनं हो म्हटलंय. त्याच्यावर काढलं मी सगळं."

इतक्या वर्षांत घराण्यातल्या सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं, आणि हे कुणाला माहीतच नव्हतं. मी सुद्धा कधी विचारलं नव्हतं. आमच्या त्यागमूर्तीने एका नावडत्या माणसाला नको म्हणायला मला पुढे केलं होतं, आणि सगळ्या भावकीने डोळ्याला पदर लावला होता. मला तिचा राग यायला हवा होता. पण मला भीती वाटत होती, की तिचा एकमेव आधार मी आत्ताच तिच्या पायरीवर मोडून ठेवला.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "आणायला नको होतं हे."

ताई ऐकत नव्हती. तिने काठी उचलली, कोंबडीला हाकललं आणि मग एकदम हसली. तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आये नव्हतीच माझ्या मागं. कोणच नव्हतं," ती म्हणाली. "ते मीच केलं म्हणायचं. एकटीनं."

"हो."

"एवढीशी होते गो मी," ताई म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. त्या दारात उभ्या असलेल्या पोरीचं तिला कौतुक वाटत होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. मलाही वाटत होतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, हे सगळं तिथीला सगळ्यांना ऐकवायचं का, तू पण बोलतेस का माइकवर. ती नको म्हणाली. काका आता किती दिवसांचा, त्याचा कावळा त्याला राहू दे, नि आत्याचा आत्याला. मधलीला मात्र सांग, नायतर ती रडत बसेल माझ्यासाठी. तेवढं बोलून ती भात परतायला उठली, आणि मीही तिच्या मागोमाग अंगणात उतरले. दोघी पायाने भात पसरत होतो. मला बरं वाटायला हवं होतं. वचन नव्हतं, त्याग नव्हता, ओझं नव्हतं. पण न राहवून मी विचारलं, वय विसरून, लहान पोरीसारखं.

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच?"

"तुझ्यासाठी कशाला?" ताई पाय न थांबवता म्हणाली. "तू तर शेंबडी, रडकी, रातभर झोपू द्यायची नायस. नुसतं निमित्त होतीस." मग ओळीच्या टोकाला जाऊन वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मागनं आवडायला लागलीस. ते कोणी सांगितलं म्हणून नाय."